पुन्हा तेच दुखणं

जुनी जीप बाळगणारी दोन माणसं पेट्रोल पंपावर भेटली, की घरच्यांच्या आधी गाडीच्या तब्येतीची चौकशी होते.

"काय, कशी आहे?"

"तेच. पन्नासच्या वर गेली की थरथरते."

"मागच्या महिन्यात काम केलं होतंस ना?"

"केलं होतं. परत आलं."

या बोलण्यात तक्रार असते, पण गाडी विकायची भाषा नसते. नव्या गाडीत तोच बिघाड तिसऱ्यांदा आला असता, तर हाच माणूस ग्राहक आयोगाची पायरी चढला असता. जीपसाठी मात्र तो पुढच्या रविवारी डबा घेऊन पुन्हा त्याच मिस्त्रीकडे जातो आणि दिवसभर स्टुलावर बसून राहतो.

या प्रेमाचं मला फारसं कौतुक वाटत नाही. नाशिक, इगतपुरी, सातारा इकडच्या गॅरेजांत बसून मालकांशी आणि मिस्त्रींशी बोलल्यावर माझं मत असं झालं आहे, की जुन्या जीपची बहुतेक 'कायमची' दुखणी कायमची नसतातच. बिघाड जिथे दिसतो तिथला भाग बदलला जातो. कारण दुसरीकडे असतं, अनेकदा हातभर अंतरावर, आणि ते तसंच राहतं. मग पाचशे-हजार किलोमीटरनंतर नवा भागही जुन्यासारखाच वागू लागतो आणि दोष 'जीप म्हणजे असंच' या वाक्यावर जातो.

मुळात ही गाडी घाईत जन्मली. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने चारही चाकांना ताकद देणारी हलकी टेहळणीची गाडी हवी म्हणून १३५ कंपन्यांकडे मागणी पाठवली आणि नमुन्यासाठी ४९ दिवस दिले. वजनाची अट होती सुमारे ५९० किलोंची. ती कुणालाच पाळता आली नाही. बँटम या लहानशा कंपनीने मुदतीत नमुना उभा केला, पण मोठं काम विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बाहेर काढल्या. विलिसने पुढे इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून हेडमध्ये नेले. इंजिन उंच झालं, ते झाकायला बॉनेट वर घ्यावं लागलं आणि १९५३ मध्ये आपल्या ओळखीची उंच बॉनेटची सीजे-३बी तयार झाली.

आपल्याकडची कथा १९४५ पासूनची. महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली ती पोलादाच्या व्यापारासाठी. १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू झाली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद पडली. इथे तिची वंशावळ पुढे कित्येक दशकं चालत राहिली. पेट्रोलच्या जागी डिझेल आलं, फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेतलेलं एक्सडीपी ४.९० इंजिन आलं (चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ते नाव), एमएम ५४० आली. पण पुढचा अखंड अॅक्सल, कमानपाटे आणि मधली ट्रान्सफर केस ही मांडणी १९४० च्या दशकातलीच राहिली.

म्हणजे या गाडीचं एकही दुखणं नवं नाही. ऐंशी वर्षांत जगभरच्या मिस्त्रींनी ते पाहिलेलं आहे, लष्करी पुस्तिकांत त्यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. तरी "नक्की काय होतंय ते कळत नाही" हे वाक्य गॅरेजात रोज ऐकू येतं.

*

सगळ्यांत बदनाम दुखणं म्हणजे वॉबलिंग. गाडी पन्नास-साठच्या वेगात असते, पुढचं एक चाक खड्ड्यात आपटतं आणि दोन्ही चाकं डावी-उजवीकडे थडाथड हलू लागतात. स्टेअरिंग हातात राहत नाही, डॅशबोर्ड दिसेनासा होतो. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला वाटतं, चाक निखळलं. वेग पार उतरल्याशिवाय ते थांबत नाही. जुना ड्रायव्हर अशा वेळी ब्रेकवर उभा राहत नाही. तो स्टेअरिंग घट्ट धरतो आणि अॅक्सिलरेटर सोडून गाडी हळू होऊ देतो.

यावर गल्लोगल्ली मिळणारा इलाज म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग आणि स्टेअरिंग डँपर. बॅलन्सिंग करावंच. डँपर मात्र दुखणं बरं करत नाही, झाकतो. थरथर त्याच्या आत जिरत राहते, तोवर मूळ झीज वाढत जाते आणि एक दिवस डँपरही हात टेकतो. तोपर्यंत मालकाने दोन डँपरचे पैसे दिलेले असतात.

नाशिकच्या अंबड भागातल्या एका मिस्त्रींनी हे प्रकरण माझ्यासमोर उलगडलं. त्यांनी आधी काही उघडलंच नाही. पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर आणि खाली हात धरून हलवलं. टक्, टक्. मग पोराला सांगितलं, "ब्रेक दाब." पुन्हा हलवलं, तरी टक्टक् चालूच. "बघा साहेब, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर व्हील बेअरिंग. गेला नाही. म्हणजे किंगपिन." कारण सरळ आहे. ब्रेक दाबला की ड्रम आणि मागची प्लेट एक होतात, व्हील बेअरिंगची ढिलाई जाणवत नाही. जी उरते ती किंगपिनची. या परीक्षेला एक जॅक, दोन माणसं आणि दोन मिनिटं लागतात. मालकाने मात्र तोवर टाय-रॉडचे एंड बदलून घेतले होते.

किंगपिनच्या बेअरिंगच्या झाकणाखाली शिम असतात, कागदासारख्या पातळ चकत्या. त्या काढल्या-घातल्या की बेअरिंगवरचा ताण कमी-जास्त होतो. हा ताण अंदाजाने ठरवायचा नसतो. ऑइल सील काढून, स्टेअरिंगच्या आर्मला स्प्रिंगचा काटा अडकवून तो ओढायचा आणि किती वजनाला नकल फिरायला लागते ते बघायचं. पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गॅरेजांत हा काटा नव्हता. नवी बेअरिंग घातली, जुन्याच शिम परत ठेवल्या, झाकण आवळलं, ग्रीस भरलं, की काम झालं. जुन्या शिम जुन्या बेअरिंगच्या मापाच्या होत्या, हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून 'परत आलं'.

दुसरी गोष्ट कास्टरची. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो आणि त्यामुळे हात सोडला तरी चाक सरळ धावतं, तसा किंगपिनचा आसही वरच्या टोकाने मागे कललेला लागतो. पाटे दबले, की हा कोन बदलतो. गाडी उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल (पाटा चासीला टांगणारे दुवे) घातले, तरी बदलतो. जुन्या जीपमध्ये पुढच्या पाट्याचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं, की अॅक्सल पुढे झुकतो आणि कास्टर कमी होतो. त्यात मूळ ६.००-१६ च्या टायरऐवजी रुंद, जड टायर आले. फोटो छान येतो, गाडी साठला थरथरते. पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरपी पट्टी घालून कोन परत आणता येतो. त्यासाठी आधी तो मोजावा लागतो.

जुन्या विलिस वळणाच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. स्टेअरिंग बॉक्सकडून ड्रॅगलिंक, तिच्याकडून बेल क्रँक, तिथून दोन्ही चाकांकडे वेगवेगळे टाय-रॉड. या वाटेवरच्या प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई असली, तरी स्टेअरिंगपर्यंत ती इंच-दोन इंच होऊन पोचते. एकच सांधा बदलला तर गाडी आठवडाभर बरी वाटते. सगळे सांधे एकदम तपासणारा मिस्त्री महाग पडतो, असं मालकांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

*

तेलगळतीवर गॅरेजांतून एक विनोद फिरतो, की जीपखाली तेल दिसलं नाही तर घाबरावं, कारण आतलं संपलेलं असतं. विनोद बरा आहे, पण त्याच्या आडून बराच निष्काळजीपणा चालतो.

आमच्या घरच्या जीपचा मागच्या हौजिंगचा सील सारखा जायचा. गॅरेजवाला नवा बसवून द्यायचा, पावसाळ्याआधी कोरडं असलेलं हौजिंग दिवाळीपर्यंत पुन्हा ओलं. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सीलला हातही न लावता अॅक्सलच्या नळीवरची बोटाच्या पेराएवढी टोपी काढली आणि तोंडाने फुंकून पाहिली. हवा जात नव्हती. चिखल वाळून आत दगड झाला होता.

ती टोपी म्हणजे ब्रीदर. गाडी चालली की हौजिंगमधलं तेल तापतं, हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. वाट बंद असली तर ती दाब देते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. नदी ओलांडताना याच्या उलट होतं. तापलेला अॅक्सल गार पाण्यात बुडतो, आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी तेल काढलं की ते दुधट निघतं आणि त्या तेलावर फिरलेल्या क्राऊन-पिनियनचं आयुष्य कमी झालेलं असतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंचावर बांधलं, की दोन्ही प्रश्न सुटतात. खर्च नळीचा आणि क्लिपांचा.

ब्रीदर ठीक असूनही सील जात असेल, तर सीलमधून फिरणाऱ्या योकवरून नख फिरवून पाहावं. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडलेली असते. नव्या सीलचा ओठ त्याच चरीत बसतो आणि तेलाला वाट मिळते. योकवर पातळ स्लीव्ह चढवायची, नाहीतर टर्नरकडून ती जागा भरून घासून घ्यायची. सील बदलणाऱ्याला याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो सांगत नाही, असं म्हणण्याचा मोह होतो. पण बऱ्याचदा त्याला खरोखरच माहीत नसतं.

*

मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाटात, उन्हाळ्यातल्या दुपारी, बॉनेट वर करून उभी असलेली जुनी जीप अजूनही दिसते. घाट चढून गेलं की इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. तिथल्या कामगारांनी हे दृश्य किती वेळा पाहिलं असेल!

गरम होणाऱ्या इंजिनावरचा आपला राष्ट्रीय इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे. "थंड देशातल्या गाड्यांना लागतो तो, आपल्याला कशाला?" असं ठामपणे सांगितलं जातं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन उशिरा तापतं, तोवर झीज जास्त, डिझेल जास्त. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची परतीची आडवाट बंद करतो. तोच नसला, तर पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता तसाच इंजिनात फिरत राहतो. गार करायला काढलेला भाग गाडी तापवायला लागतो. मग रेडिएटर मोठा करतात, तीनचा चार कोअरचा करतात, पंखा बदलतात.

खरी कारणं बहुधा साधी असतात. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत साचलेला क्षार. कधीतरी अपघातानंतर काढलेली आणि परत न लावलेली पंख्याभोवतीची कडी, जिच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनातलीच गरम हवा घुसळत बसतो. ढिला पट्टा. आणि रेडिएटरचं झाकण. त्या झाकणातली स्प्रिंग आत दाब धरते. दाबात दर पौंडामागे पाण्याचा उकळबिंदू दीडेक अंशाने वर चढतो. स्प्रिंग मेली की पाणी घाटात लवकर उकळतं, बाहेर पडतं, मग कमी पाण्यावर इंजिन आणखी तापतं. संशय घ्यायची पाळी मात्र झाकणावर सगळ्यांत शेवटी येते, कारण ते सगळ्यांत स्वस्त असतं.

*

डिझेल जीपची सकाळची कटकट वेगळी. रात्रभर उभी राहिली की सेल्फ फिरतो, इंजिन घेत नाही. हँड पंप मारला की घेतं. मालक हीटर प्लग बदलतो, बॅटरी बदलतो, सेल्फ भरून घेतो, नोझल तपासून घेतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

हँड पंप मारल्यावर ती सुरू होते, यातच उत्तर आहे. लाइनमध्ये हवा शिरते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणीच्या बाजूची. तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली डाग नाही, वास नाही, काही नाही. फिल्टरच्या वाटीचं चपटं झालेलं रबर, बँजो बोल्टखालचा पुन्हा वापरलेला तांब्याचा वायसर, क्लिपखाली चिरलेली नळी. सातारच्या एका मिस्त्रींची युक्ती मला फार आवडली. ते फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडतात आणि इंजिन चालू ठेवून बघतात. बुडबुडे दिसले की फट अलीकडे. मग नळी एकेक सांधा टाकीकडे सरकवत जायचं. जिथे बुडबुडे थांबतात, ती जागा आणि आधीची जागा यांच्यामध्ये चोर सापडतो.

विजेचंही असंच आहे. दिवे मंद, सेल्फ ओढत नाही, बॅटरी दर वर्षी नवी. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजलेली किंवा रंगाच्या थरावर आवळलेली असते, तिकडे कुणी पाहत नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि इंजिनाच्या ब्लॉकवर मीटर धरला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थ खराब. ही पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या तारेतून जातो. तार लाल होऊन जळते. लोक तार बदलतात. ती पुन्हा जळते.

जीपच्याच जातीच्या, ताडोबाच्या सफारीतल्या उघड्या जिप्सींची तक्रार पाट्यांची. मारुतीने जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आणली आणि २०१८-१९ च्या सुमारास बंद केली. कडक पाट्यांबद्दल तिला शिव्या देत, पण तिच्यावरच विसंबून जंगलातली कितीतरी घरं चालली. तिथे एका ड्रायव्हरने सांगितलं, पाटा तुटतो तो नेहमी मधल्या सेंटर बोल्टपाशीच. त्याला ते नशीब वाटत होतं. यू-बोल्ट सैल असले की पाट्याच्या मध्यभागी, नेमकं भोक पाडलेल्या जागी, सगळा वाक येतो. नवे पाटे बसवल्यावर ते काही शे किलोमीटरमध्ये एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट आपोआप सैल पडतात. ते पुन्हा आवळायला गाडी परत आणायची असते. वाघ बघायला आलेले पाहुणे गेटवर उभे असताना कोण आणणार?

*

कारण शोधणारे मिस्त्री गेले कुठे, हा प्रश्न मी सगळीकडे विचारला. सातारा-कोल्हापूरकडे उत्तर मिळालं ते वडापचं, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीचं. पाचवड, कराड, मलकापूर या बाजूला वडापच्या ट्रॅक्स आणि कमांडर दिवसभर लोंबकळणारी माणसं घेऊन धावायच्या, दर आठवड्याला काहीतरी मोडायचं. त्यावर एक पिढी तयार झाली. वडाप कमी झालं, गाड्यांत संगणक आले, पोरं स्कॅनर धरायला शिकली. स्कॅनर नव्या गाडीला हवाच. जुन्या जीपला तो काही विचारू शकत नाही. तिथे विचारायचं मालकाला असतं. थंड असताना होतं की गरम? चढावर की उतारावर? पावसाळ्यात जास्त का? असे प्रश्न विचारणारे मिस्त्री मला मोजके भेटले, आणि ज्यांच्याकडे तेच दुखणं घेऊन गाडी परत येत नाही, तेही हेच.

सुट्या भागांच्या बाजाराने घोळ वाढवला आहे. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात, पार पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जीपचं सगळं मिळतं आणि त्यातलं काय खरं, काय खोटं हे विकणाराही सांगू शकत नाही. 'जीपचं बेअरिंग द्या' असं मागू नये. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन सरळ बेअरिंगच्या दुकानात जावं. ऑइल सीलची आतली, बाहेरची आणि जाडीची अशी तीन मापं घ्यावीत. दुकानदाराला गाडी कोणती हे सांगायचीही गरज पडत नाही.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत. उंच शॅकल आणि अवाढव्य टायर लावणाऱ्यांनी वॉबलिंगबरोबर हेही लक्षात ठेवावं. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून दहा वर्षांसाठी नोंदणी करता येते. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,०००. अट एकच अवघड आहे, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आपल्याकडच्या किती सीजे-३बींचं पेट्रोल इंजिन 'सारखं गरम होतं' म्हणून काढून तिथे डिझेल बसवलं गेलं! त्यांतल्या काही निव्वळ रेडिएटरच्या झाकणासाठी व्हिंटेजच्या यादीतून बाद झाल्या असणार, असं आता वाटतं.

तेव्हा ज्यांच्या गोठ्यात किंवा वाड्यात मूळ इंजिनाची जीप उभी आहे, त्यांनी ते इंजिन भंगारात घालू नये. ती चालू करायची असेल तर पहिल्या दिवशी दोनशे पानांची एक वही आणावी. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर, काय होत होतं, कधी होत होतं, काय उघडलं, कोणत्या नंबरचं बेअरिंग, किती शिम, हे सगळं तिच्यात लिहावं, मिस्त्री हसला तरी लिहावं. आणि कधी गाडी विकायची वेळ आलीच, तर आरसी बुकाबरोबर ती वहीही नव्या मालकाच्या हातात द्यावी.